अडल्यावर उघडायची पानं

प्रश्न थोडक्यात असा: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी नुकतीच हाती आली, रुग्णालयात पहिली नोकरी लागली, आणि एका वरिष्ठांनी ४० पुस्तकांची यादी दिली. त्यातलं काय जवळ ठेवू, काय विकत घेऊ, काय सोडून देऊ?

यादी वाईट नाही. पण ती अभ्यासक्रमाची यादी आहे. परीक्षेसाठी वाचायचं पुस्तक वेगळं, आणि माणूस समोर बसलेला असताना ‘पाच मिनिटांत आले’ म्हणून आतल्या खोलीत जाऊन उघडायचं पान वेगळं. बावीस वर्षं हे काम करते आहे. त्यातली पहिली चार-पाच मी माझं कपाट विषयवार लावलं होतं. मानसिक आरोग्य एका फळीवर, बालकल्याण दुसऱ्या, वृद्ध तिसऱ्या. अडलं की कुठल्या फळीला हात घालायचा हेच कळायचं नाही, कारण सेवार्थी, म्हणजे आपल्याकडे मदतीला येणारा माणूस, एका फळीत मावत नाही. मग मी निर्णयानुसार लावायला लागले. आपल्या कामात तेच ते निर्णय फिरून फिरून येतात. या माणसाला कुठे पाठवू? हे कोणाला सांगू का? आज रात्री याला एकटं सोडलं तर चालेल का? हे मूल घरी राहू द्यावं का? ज्या निर्णयाशी पुस्तकाचं नातं लागत नाही ते पुस्तक चांगलं असलं तरी ग्रंथालयात राहू दे.

पहिल्या निर्णयासाठी लागणारं साधन विकत मिळत नाही. माझ्या टेबलावरची सगळ्यात मळलेली वस्तू म्हणजे एक जाड वही, ‘कुठे पाठवायचं’ या नावाची. सेवा काय मिळते, फोन प्रत्यक्षात कोण उचलतं, किती वाजेपर्यंत, कागदपत्रं कोणती, हे त्यात आहेच. पण खरे कामाचे रकाने दोन: ‘कोणाला घेत नाहीत’ आणि ‘मी स्वतः खात्री केल्याची तारीख’. हे दोन रकाने मला एका चुकीने शिकवले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बाईंना दोन मुलांसह एका निवाऱ्याकडे पाठवलं. छापील निर्देशिकेत ‘महिला व मुलांसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. थोरला मुलगा तेरा वर्षांचा. आणि निवाऱ्याचा नियम असा की बारा वर्षांपुढच्या मुलग्यांना प्रवेश नाही. बाई संध्याकाळी परत आल्या. रागावल्या नाहीत, पण पुढचा आठवडाभर विचारलं तेवढंच बोलल्या. निर्देशिका खोटी नव्हती, अपुरी होती, आणि फोन करायचा कंटाळा माझा होता. आता तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर मी पाठवण्याआधी पुन्हा फोन करते, माणूस समोर बसलेला असतानाच, त्याला ऐकू जाईल असा.

ही वही पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. तुमच्या आधीच्या कर्मचाऱ्याची मिळाली तर आभार मानून घ्या आणि प्रत्येक नोंद चुकीची आहे असं धरून तपासा.

आता ‘हे कोणाला सांगू का?’ हा निर्णय. इथे आचारसंहिता लागते. तुमच्या देशातल्या व्यावसायिक संघटनेची असेल ती पहिली. तिच्या जोडीला दोन जागतिक दस्तऐवज ठेवा, दोन्ही मोफत मिळतात आणि दोन्ही छोटे आहेत. एक म्हणजे समाजकार्याची जागतिक व्याख्या, जी २०१४ साली मेलबर्नमध्ये समाजकार्यकर्त्यांच्या आणि समाजकार्य शिक्षणसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मान्य केली. दुसरा म्हणजे २०१८ चं नैतिक तत्त्वांचं जागतिक निवेदन. त्यात नऊ तत्त्वं आहेत, आणि तंत्रज्ञान व समाजमाध्यमांच्या वापराला त्यात स्वतंत्र तत्त्वाचा मान आहे. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची संहिता यापेक्षा खूप सविस्तर आहे. पहिली १९६० ची. सध्याचा साचा १९९६ चा. २०१७ च्या दुरुस्तीत तंत्रज्ञानाबद्दल बरंच काही आलं आणि २०२१ मध्ये कार्यकर्त्याने स्वतःची काळजी घेण्याचा मुद्दा आला. ती तुम्हाला बंधनकारक नसली तरी व्हॉट्सॲपवर सेवार्थीने पाठवलेल्या फोटोचं काय करायचं, अशा प्रश्नावर विचार करायला उपयोगी पडते.

संहितांची अडचण अशी की त्या तत्त्वं एका ओळीत मांडतात, आणि प्रत्यक्षात ती एकमेकांच्या अंगावर येतात. त्यासाठी लोवेनबर्ग आणि डॉल्गॉफ या समाजकार्यातल्या नीतीवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी मांडलेली सात पायऱ्यांची उतरंड मला आवडते. सगळ्यात वर जीवाचं रक्षण, मग सामाजिक न्याय, मग स्वयंनिर्णय आणि स्वातंत्र्य, मग कमीत कमी हानी, मग जीवनाचा दर्जा, सहावी गोपनीयता, सातवा खरेपणा. गोपनीयता सहावी आहे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकले होते. शिकताना तर ती पहिली वाटते. एक उदाहरण घ्या. पाय मोडलेले सत्तरीतले आजोबा म्हणतात, मला माझ्या घरीच जायचंय, एकटाच राहीन. मुलं म्हणतात, निवासी केंद्रात ठेवा, तिथे काळजी चांगली घेतात. मुलांचं म्हणणं ‘जीवनाचा दर्जा’ या पाचव्या पायरीवरचं आहे, आजोबांचं तिसऱ्या. म्हणजे घरी जाण्याने जीवाला खरोखर धोका आहे असं दाखवता आलं तरच मुलांचं पारडं जड होतं. उतरंड निर्णय देत नाही; कुणाला काय सिद्ध करावं लागेल ते सांगते. माझ्या नोंदीत मी तेच लिहिते: कोणती दोन तत्त्वं भिडली, वरचं कोणतं, आणि तरी खालचं निवडलं असेल तर का.

तिसऱ्या निर्णयावर, म्हणजे धोक्याच्या आणि तीव्रतेच्या अंदाजावर, थोडं सविस्तर लिहिते, कारण नवे लोक इथेच सगळ्यात जास्त घसरतात. चाचण्या आणि मापनपट्ट्या फाइलमध्ये चांगल्या दिसतात, आकडा मिळतो, आकडा मिळाला की विचार थांबतो. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ घ्या. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, बेरीज ० ते २७. ५, १०, १५ आणि २० या टप्प्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र. इतकं सगळ्यांना पाठ असतं. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने एकदा एका गृहस्थांची बेरीज ६ लिहिली, बाजूला ‘सौम्य’ असा शेरा मारला आणि कागद फाइलला लावला. मी सहज चाळत होते. सहापैकी २ गुण नवव्या प्रश्नाचे होते. नववा प्रश्न मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येण्याबद्दलचा आहे. बेरीज काहीही असो, तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर आपण त्या माणसाशी तिथल्या तिथे, स्पष्ट शब्दांत, आत्महत्येबद्दल बोलायचं असतं: विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. आम्ही त्या गृहस्थांना त्याच दुपारी परत बोलावलं. म्हणून माझा आग्रह असा की मापनपट्टीची नुसती प्रश्नावली जवळ ठेवू नका, तिची मार्गदर्शक पुस्तिका ठेवा. प्रश्नावली आकडा देते. त्या आकड्याचं काय करायचं ते पुस्तिकेत असतं.

दारूच्या सवयीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले की काळजीचं पिणं धरतात. तिची पुस्तिका न वाचता ती वापरणाऱ्याला ‘एक पेय’ म्हणजे किती हे माहीतच नसतं. पुस्तिकेत ते साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल इतकं धरलंय. समोरचा ‘दोनच घेतो’ म्हणतो तेव्हा दोन काय, ग्लास, पेग की बाटल्या, हे विचारल्याशिवाय गुण देण्यात अर्थ नाही.

मापनपट्ट्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. एक, मालकी. पीएचक्यू-९ मोफत वापरता येते. बेकची नैराश्य मापनपट्टी विकत घ्यावी लागते. स्मृतिभ्रंशासाठीची एमएमएसई ही छोटी चाचणी १९७५ पासून जगभर झेरॉक्स होऊन फिरत होती. २००१ पासून तिचे हक्क एका प्रकाशन कंपनीकडे गेले आणि कित्येक रुग्णालयांना आपण इतकी वर्षं काय वापरत होतो याचा विचार करावा लागला. कपाटात ठेवण्याआधी परवान्याची ओळ वाचा. दोन, भाषांतर. प्रश्न मनातल्या मनात मराठी करून विचारू नका. ‘खिन्न वाटतं का’ आणि ‘मन लागत नाही का’ या दोन प्रश्नांना एकच माणूस वेगवेगळी उत्तरं देतो. अधिकृत, तपासलेला अनुवाद मिळत असेल तर तो शब्दशः वाचा. नसेल तर पट्टी बाजूला ठेवून सरळ बोला आणि नोंदीत गुण लिहू नका, माणसाचे शब्द लिहा.

रुग्णालयात आहात म्हणून निदानाच्या पुस्तकांबद्दल. निदान करणं बहुतेक ठिकाणी आपलं काम नाही, पण डॉक्टरांनी लिहिलेलं वाचता आलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी, तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि इंटरनेटवर मोफत पाहता येते. अमेरिकन मनोविकार संघटनेचं डीएसएम, म्हणजे मनोविकारांच्या निदानाचं पुस्तक, विकत घ्यावं लागतं; पाचवी आवृत्ती २०१३ ची, तिची सुधारित आवृत्ती २०२२ ची. आवृत्तीची उठाठेव कशाला, असं वाटेल. पती जाऊन आठ महिने झालेली बाई समोर आहे, अजून जेवत नाही, त्यांच्या कपड्यांना हात लावू देत नाही. लांबलेल्या शोकाचा विकार म्हणायचा का? आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत किमान सहा महिन्यांची अट आहे, म्हणजे विचार करता येतो. डीएसएमच्या सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी किमान बारा महिने, म्हणजे अजून नाही. आणि आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत हा विकार या नावाने नव्हताच. तीन पुस्तकं, तीन उत्तरं, बाई तीच. त्यामुळे पत्रात निदानाचा उल्लेख करताना कोणत्या पुस्तकाची कोणती आवृत्ती, हे लिहायची सवय लावून घ्या. बाईंना मदत द्यायला मात्र यातल्या कुठल्याच मुदतीची वाट पाहायची गरज नाही.

एक ओळ आपल्या लोकांच्या नजरेतून नेहमी सुटते. आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत झेड-५५ ते झेड-६५ असे संकेतांक आहेत: शिक्षण, रोजगार, घर आणि आर्थिक स्थिती, कुटुंबातला आधार अशा सामाजिक परिस्थितींसाठी. घर आणि पैशासाठी झेड-५९, जवळच्या कुटुंबाच्या अडचणींसाठी झेड-६३. तुमचं रुग्णालय अजून दहावी आवृत्ती वापरत असेल तर या अकरा संकेतांकांचा कागद भिंतीवर लावा आणि डॉक्टरांना दाखवा. रुग्णाचा बेघरपणा केसपेपरवर संकेतांकासह आला की तो मोजला जातो. तुमच्या डायरीत राहिला तर नाही. डीएसएममध्ये पूर्वी निदान वेगवेगळ्या अक्षांवर, म्हणजे रकान्यांत, मांडत; त्यातला चौथा अक्ष खास सामाजिक आणि परिस्थितीजन्य अडचणींसाठी होता. २०१३ मध्ये अक्षच काढून टाकले. मला ते आजही पटलेलं नाही.

मूल घरी राहू द्यावं का, हा सगळ्यात जड निर्णय. त्यासाठी बालहक्क संहितेचं तिसरं आणि बारावं कलम हाताशी ठेवा: एक मुलाच्या सर्वोत्तम हिताचं, दुसरं मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं. संहिता १९८९ ची, कलमं ५४. पण नुसती कलमं वाचून फार हाताला लागत नाही, ‘सर्वोत्तम हित’ हे शब्द कोणीही आपल्या बाजूला ओढू शकतो. त्यावरचं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीचं २०१३ चं चौदावं सर्वसाधारण भाष्य वाचा, त्यात हित ठरवताना काय काय पाहायचं ते मांडलं आहे. आणि त्याहून कामाचं म्हणजे २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांचा पंधरावा परिच्छेद. केवळ गरिबी हे मुलाला पालकांपासून दूर करण्याचं कारण असू शकत नाही. ती कुटुंबाला आधाराची गरज असल्याची खूण समजावी, असं तो सांगतो. बैठकीत कोणी ‘त्या घरात मुलाला काय मिळणार’ म्हणालं की मी तो परिच्छेद मोठ्याने वाचते. चर्चा ‘मुलाला कुठे ठेवायचं’ वरून ‘या घराला काय लागेल’ वर येते. नेहमी नाही, पण येते.

‘हा कार्यक्रम चालतो का’ या प्रश्नासाठी संशोधनाचे पद्धतशीर आढावे, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून काढलेला निष्कर्ष. ते करणाऱ्या संस्था दोन: आरोग्यासाठी १९९३ पासूनचं कॉक्रेन, सामाजिक कार्यक्रमांसाठी २००० पासूनचं कॅम्पबेल. शब्दबंबाळ वाटतील, सुरुवातीचा सोप्या भाषेतला सारांश तेवढा वाचा. हेतू चांगला असला की परिणाम चांगलाच, ही आपल्या क्षेत्राची जुनी खोड या आढाव्यांनी मोडते. वाट चुकलेल्या मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दटावून घेऊन सुधारायचे कार्यक्रम अमेरिकेत फार गाजले होते. आढाव्यात दिसलं की ज्यांच्यासाठी काहीच केलं नव्हतं अशा मुलांपेक्षा या मुलांकडून पुढे जास्त गुन्हे घडले. तसंच मोठ्या दुर्घटनेनंतर लोकांना एका बैठकीत बसवून सगळं पुन्हा सांगायला लावण्याचं. त्याने आघाताचे पुढचे विकार टळतात असं दिसलं नाही. त्याऐवजी २०११ ची जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका ठेवा. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढीच तिची चौकट आहे. सांगायला भाग पाडू नका, हे त्यात ठासून लिहिलंय.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण तो तुम्ही जिथे काम करता तिथलाच पाहावा लागतो. अधिनियमाची प्रत एकटी ठेवू नका. त्याचे नियम, नंतरच्या दुरुस्त्या आणि तो प्रत्यक्ष लागू झाल्याची तारीख, हे सगळं एकत्र हवं. अर्ज कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत, कोणाकडे, हे बहुतेक वेळा नियमांत असतं. कोणती माहिती कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे ते पहिल्याच आठवड्यात शोधून, संस्थेच्या वकिलांकडून तपासून, एका पानावर लिहून काढा. सेवार्थीला गोपनीयतेचं वचन देण्याआधी त्या पानावर काय आहे हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

संगणकीय चॅटबॉटला विचारू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आजकाल सगळेच विचारतात. अवघड पत्राची भाषा सोपी करायला वापरा, हरकत नाही. सेवार्थीची ओळख पटेल असं काही त्यात टाकू नका, आणि त्याने दिलेलं कलम किंवा अभ्यासाचं नाव मूळ ठिकाणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालात घालू नका. अस्तित्वात नसलेले संदर्भ तो मोठ्या आत्मविश्वासाने देतो.

आता यादीतल्या जुन्या पुस्तकांचं. समाजकार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या मेरी रिचमंड यांचं १९१७ चं ‘सोशल डायग्नोसिस’ तुमच्या यादीत आहे आणि तुम्ही पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. भाषा जुनी, काही मतं आज सहन होत नाहीत. तरी पुराव्याबद्दलची प्रकरणं वाचा. स्वतः पाहिलेलं, कुणीतरी सांगितलेलं आणि परिस्थितीवरून ताडलेलं, हे तीन वेगळे ठेवायला त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलं. आजही माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्या गृहभेटीच्या अहवालांत ‘वडील व्यसनी आहेत’ असं वाक्य असतं, आणि ते कार्यकर्त्याने पाहिलं, शेजारणीने सांगितलं की रिकामी बाटली पाहून ठरवलं, याचा पत्ता नसतो.

जिनोग्राम (कुटुंबाचा पिढ्यांनुसार आराखडा) आणि इकोमॅप (कुटुंबाच्या बाहेरच्या नात्यांचा नकाशा) यांसाठी वेगळं पुस्तक घेऊ नका. चिन्हांचा एक तक्ता पुरतो. जिनोग्राममध्ये पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ, तीन पिढ्या. ॲन हार्टमन यांच्या इकोमॅपमध्ये जाड रेघ म्हणजे घट्ट नातं, तुटक म्हणजे कच्चं, आडव्या काट्यांची म्हणजे ताणाचं. सेवार्थीच्या हातात पेन्सिल द्या, तक्ता त्याच्यासमोर ठेवा.

राहिली खरेदी. पहिल्या वर्षी एकही जाडजूड ग्रंथ विकत घेऊ नका. ‘सोशल वर्कर्स डेस्क रेफरन्स’ उत्तम आहे, पण हजाराहून जास्त पानांचं आणि महाग. ग्रंथालयात बसून अनुक्रमणिका वाचा आणि तुमच्या कामाशी जुळणारी चार-पाच प्रकरणं तिथेच वाचून टिपणं काढा. समाजकार्याच्या ज्ञानकोशाचंही तसंच. विद्यापीठाकडे ऑनलाइन वर्गणी असेल तर माजी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो का, ते विचारा. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर सिद्धांतांसाठी घ्या, निदान आणि कायद्यासाठी घेऊ नका. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या बांधणीची, भरपूर पानांची एक कोरी वही घ्या, आणि डाव्या कडेला तारखेसाठी जागा सोडा.